रिकार्डोचा खंड आणि इंदापूरचा शेतसारा

काळी_माती (धागाकर्ता)

अर्थशास्त्रीय विचारांचा इतिहास बहुतेक पुस्तकांत एका ठरलेल्या क्रमाने येतो. आधी व्यापारवादी, मग फ्रान्समधले निसर्गवादी, मग स्मिथ, रिकार्डो, मार्क्स, १८७१ नंतरचे सीमांतवादी आणि शेवटी केन्स. प्रत्येकाला एक प्रकरण, प्रकरणाच्या शेवटी दोन-चार त्रुटी, की पुढचा हजर. परीक्षेला हे पुरतं. पण एखादा सिद्धांत छापखान्यातून बाहेर पडून कुणाच्या तरी शेतात गेला तेव्हा काय झालं, हे या क्रमात कुठेच बसत नाही. म्हणून आज एकाच सिद्धांताचा पंचवीसेक वर्षांचा प्रवास मांडतो. लंडनला सुरू होतो आणि पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला येऊन पोचतो.

१८१५ चा फेब्रुवारी. नेपोलियनशी चाललेलं युद्ध थांबलं होतं, समुद्र मोकळा झाला होता आणि परदेशी गहू येऊन भाव कोसळतील या भीतीने इंग्लंडमधले जमीनदार अस्वस्थ होते. पार्लमेंटपुढे प्रस्ताव होता की देशातला गव्हाचा भाव क्वार्टरला (धान्याचं इंग्रजी माप) ८० शिलिंगांपर्यंत चढल्याशिवाय बाहेरचा गहू विकू द्यायचा नाही. त्या एका महिन्यात या वादावर चार पुस्तिका निघाल्या: माल्थस, एडवर्ड वेस्ट, रॉबर्ट टॉरेन्स आणि डेव्हिड रिकार्डो. त्यातून जे घडलं त्याला आपण 'खंडाचा सिद्धांत' म्हणून ओळखतो.

गाभा थोडक्यात असा. माणसं आधी चांगली जमीन कसतात. लोकसंख्या वाढली की हलक्या जमिनीवर जावं लागतं, किंवा त्याच जमिनीत जास्त श्रम-भांडवल ओतून कमी कमी वाढ पदरात घ्यावी लागते. धान्याचा भाव सगळ्यात हलक्या जमिनीवरच्या खर्चाने ठरतो. चांगल्या जमिनीवर खर्च कमी, भाव तोच. मधला फरक जमिनीच्या मालकाला मिळतो, तो खंड. रिकार्डोचं प्रसिद्ध वाक्य आहे: खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग नसतं, धान्य महाग असतं म्हणून खंड द्यावा लागतो. म्हणजे खंड हे भावाचं कारण नव्हे, परिणाम. मजुरी आणि नफा वाटून झाल्यावर जे उरतं ते.

यातून रिकार्डोने १८१७ च्या ग्रंथात एक करविषयक निष्कर्ष काढला. खंडावरचा कर पूर्णपणे जमीनदाराच्या खिशातून जातो. त्याने ना धान्य महागतं, ना लागवड घटते. जमीनदारांच्या पार्लमेंटला हे रुचणं शक्यच नव्हतं. पण लंडनमध्येच एक कचेरी होती जिथे हे फार उपयोगाचं ठरणार होतं.

रिकार्डोला तो ग्रंथ लिहायला ज्याने अक्षरशः भाग पाडलं तो त्याचा मित्र जेम्स मिल. मिलचा स्वतःचा 'ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास' त्याच १८१७ साली आला. हिंदुस्थानात तो कधीच आला नव्हता. १८१९ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला लागला आणि महसुलाची पत्रं त्याच्या हातून जाऊ लागली. त्याचं म्हणणं सरळ होतं. हिंदुस्थानात जमिनीची मालकी सरकारची, म्हणून खंडही सरकारचा. आणि खंड घेतल्याने उत्पादनाला धक्का लागत नाही हे शास्त्राने सिद्ध झालेलं आहे. तेव्हा फक्त खंड घ्या, कुणाचं काही बिघडणार नाही.

दुसरी वाट हेलिबरीची. कंपनीच्या भावी अधिकाऱ्यांना तयार करणाऱ्या तिथल्या कॉलेजात माल्थस १८०५ पासून अर्थशास्त्र शिकवत होता. तिथून शिकून आलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल मुंबई इलाख्यात रुजू झाला. पेशवाई जाऊन जेमतेम दशक होत होतं. पुणे जिल्ह्याच्या पाहणीचं काम त्याच्याकडे आलं, आणि त्याने जवळजवळ जसाच्या तसा तो सिद्धांत जमिनीवर उतरवला. जमिनी मोजायच्या, त्यांच्या प्रती लावायच्या, प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती येतं ते काढायचं, त्यातून लागवडीचा सगळा खर्च वजा करायचा. उरलं ते निव्वळ उत्पन्न. त्याचे ५५ टक्के सरकारचा सारा, ४५ टक्के रयतेला. कागदावर यापेक्षा न्याय्य काय असणार?

ही आकारणी १८३० च्या सुमारास लागू झाली आणि काही वर्षांतच मोडली. मोजणीत घोळ होते, पाहणी करणाऱ्यांनी लाच खाऊन प्रती वरखाली केल्या होत्या, आणि नेमके त्याच काळात धान्याचे भाव उतरले. मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या प्रशासकीय अहवालात या काळाचं वर्णन आहे. वसुलीसाठी रयतेचा छळ झाला, माणसं घरंदारं सोडून शेजारच्या संस्थानांच्या हद्दीत गेली, आणि काही भागांत लागवडीजोग्या जमिनीपैकी जेमतेम एक तृतीयांश जमीनच कुणाच्या तरी ताब्यात उरली. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या अधिकाऱ्यांना इंदापुरात सगळं नव्याने करावं लागलं.

माझं म्हणणं असं की याला नुसती अंमलबजावणीतली चूक म्हणून सोडता येणार नाही. रिकार्डोच्या मांडणीत खंड शेवटी उरतो. दख्खनमध्ये तोच खंड आधी ठरवला गेला, रोख रकमेत, पुढच्या कित्येक वर्षांसाठी. जे सगळ्यांचं वाटून झाल्यावर उरायचं, ते सगळ्यांच्या आधी वसूल होऊ लागलं. नाव तेच राहिलं आणि वस्तू पार बदलली. उत्पादनाला धक्का लागणार नाही, हा निष्कर्ष पहिल्या वस्तूबद्दल होता. लावला गेला दुसरीला. विचारांच्या इतिहासात हे कुठे शिकवलं जातं का, आणि तुम्ही याकडे कसं बघता, हे जाणून घ्यायला आवडेल.

अवांतर: त्या चारांपैकी एडवर्ड वेस्ट पुढे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचा पहिला मुख्य न्यायाधीश झाला आणि १८२८ साली पुण्यातच वारला. म्हणजे प्रिंगलची माणसं पुणे जिल्ह्यात प्रती लावत फिरत होती त्या दिवसांत, सिद्धांताच्या चार जनकांपैकी एक याच इलाख्यात होता. दोघांचं या विषयावर कधी बोलणं झालं असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

त्रिज्या

उत्तम धागा, पण मूळ मुद्द्याशी असहमत. सिद्धांताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याआधी त्याच्याजागी दुसरं काय होतं ते पाहायला हवं.

जुनी सोपी पद्धत म्हणजे एकूण पिकाचा ठरावीक हिस्सा घेणे. ती हलक्या जमिनीला मारते. समजा दोन शेतं आहेत, दोन्हींतून १०० चं पीक येतं. चांगल्या जमिनीत खर्च ५०, हलकीत ८०. सरकारने पिकाचा तिसरा हिस्सा घेतला तर चांगल्या जमिनीवाल्याकडे साधारण १७ उरतात आणि हलकीवाल्याला १३ चा तोटा. तो शेत सोडणारच. आता प्रिंगलच्या नियमाने ५५ टक्के निव्वळ उत्पन्न घ्या: पहिला साडेसत्तावीस देतो, दुसरा ११, आणि दोघांकडेही काहीतरी शिल्लक राहतं. प्रिंगलचा युक्तिवाद हाच होता आणि तो बिनतोड आहे. गरीब जमिनीवर जास्त बोजा पडू नये म्हणूनच हा सगळा उपद्व्याप होता.

शिवाय दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती (तालुक्यांची वसुली) लिलावाने मक्त्याला दिल्या जात. मक्तेदाराला गावाच्या पुढच्या वर्षाशी काही देणंघेणं नसे. त्याच्या तुलनेत 'वरकड उरेल तेवढ्यातूनच घ्या' असं म्हणणारा सिद्धांत ही रयतेसाठी ढाल होती. ढाल नीट धरता आली नाही हा दोष धरणाऱ्याचा.

बांधावरून

वाचतेय. त्रिज्या यांचं उदाहरण पहिल्यांदाच इतकं स्पष्ट कळलं. दोन्ही बाजू येऊ द्या.

सातबारा

माझं बरंच आयुष्य जमिनीच्या नोंदींमध्ये गेलं आहे, त्यामुळे मोजणीच्या अंगाने लिहितो.

त्रिज्या, तुमचे आकडे खरे धरले तर नियम न्याय्य आहे. पण 'खर्च ८०' हा आकडा आणायचा कुठून? रिकार्डोच्या इंग्लंडमध्ये तीन वेगळी माणसं होती. जमीनदार खंड घ्यायचा, भांडवल घालणारा शेतकरी नफा बघायचा, मजूर मजुरी घ्यायचा. मजुरीचा दर बाजारात होता, नफ्याचा दरही. त्यामुळे वजाबाकी त्यांच्या हिशेबवह्यांतच झालेली असायची. दख्खनच्या कुणब्याच्या घरात ही तिन्ही माणसं एकच होती. बायको-मुलांच्या श्रमाला दर कुठला लावणार? घरच्या बैलाची झीज किती? घरच्या कडब्याचा भाव काय? बलुतेदारांना खळ्यावरच जे धान्य जायचं ते कोणत्या खात्यात? पाहणीच्या कारकुनाला हे सगळं कल्पनेने भरावं लागायचं, आणि तेही प्रतीगणिक.

दुसरं, वजाबाकीत चूक फुगते. तुमचंच हलकं शेत घ्या. खरं पीक १००, खरा खर्च ८०, निव्वळ २०, सारा ११. कारकुनाने पीक ११० धरलं आणि खर्च ७५. दोन्ही चुका लहान आहेत, कुणाच्याही अंदाजात सहज होतील अशा. पण निव्वळ झालं ३५ आणि सारा सव्वाएकोणीस. म्हणजे त्या माणसाच्या खऱ्या २० पैकी जवळपास सगळं गेलं. चांगल्या जमिनीत एवढीच चूक पचते, हलकीत पचत नाही. जिला वाचवायला नियम केला, तीच जमीन नियमाने मेली.

एकूण पिकाचा हिस्सा घेणारी पद्धत ओबडधोबड आहे खरी, पण ती खळ्यावरची रास बघते. निव्वळ उत्पन्न कुणालाच दिसत नाही, ते फक्त काढता येतं. आणि जे फक्त काढता येतं ते ज्याच्या हातात लेखणी त्याच्या मर्जीवर असतं. लाचखोरी या पद्धतीत बाहेरून शिरली नाही, तिला आतच जागा होती.

त्रिज्या

सातबारा, चूक फुगण्याचा मुद्दा मान्य. पण हा युक्तिवाद 'मोजता येत नाही' इथे थांबतो. 'सिद्धांत चुकीचा' इथपर्यंत तो जात नाही. काळी_माती यांचा दावा दुसरा आहे: खंड आधी वसूल केला की तो खंड राहत नाही. मला वाटतं हे केवळ मुदतीचं गणित आहे. दरवर्षी आकारणी बदलली असती तर तोही प्रश्न उरला नसता.

काळी_माती

दरवर्षी बदलली असती तर रयतेने जमीन सुधारायला हातच लावला नसता. वाढीव पीक दरसाल कारकुनाच्या नजरेत आलं असतं. दीर्घ मुदत त्यासाठीच ठेवावी लागते. म्हणजे एकीकडे मुदत हवी, दुसरीकडे मुदत ठेवली की भाव पडल्यावर खंड गायब आणि सारा जागेवर. हा पेच रिकार्डोच्या चौकटीत उद्भवत नाही, कारण तिथे खंड घेणारा जमीनदार आणि देणारा भांडवलदार शेतकरी हे करार संपल्यावर नव्याने बसून बोलतात, आणि शेतकऱ्याला परवडलं नाही तर तो भांडवल उचलून दुसऱ्या धंद्यात घालतो. कुणब्याने कुठे जायचं? तो निजामाच्या हद्दीत गेला.

उत्तररात्र

या चर्चेत अर्थशास्त्रज्ञ शुंपीटरला आणल्याशिवाय राहवत नाही. त्याचा आर्थिक विश्लेषणाचा इतिहास त्याच्या मृत्यूनंतर, १९५४ मध्ये, पत्नी एलिझाबेथने संपादित करून प्रसिद्ध केला. त्यात त्याने 'विचार' आणि 'विश्लेषण' यांत फरक केला आहे. विचार म्हणजे त्या त्या काळात लोकांच्या डोक्यात अर्थव्यवहाराबद्दल जे काही होतं ते सगळं. विश्लेषण म्हणजे त्यातली अवजारं. ती एकाकडून दुसऱ्याकडे जातात, सुधारतात, म्हणून त्यांच्यात प्रगती मोजता येते. त्याआधी 'दृष्टी' असते, म्हणजे कुठली गोष्ट बघण्याजोगी आहे हे मनाने आधीच ठरवलेलं असतं.

आणि एका खोडीला त्याने रिकार्डोचंच नाव दिलं. गुंतागुंतीचं जग घ्यायचं, त्यातलं एकेक स्थिर धरत जायचं, शेवटी दोन-चारच राशी हलत्या उरल्या की त्यांच्यातलं नातं उघडच असतं, आणि मग तो निष्कर्ष थेट प्रत्यक्षातल्या धोरणाला लावायचा. शुंपीटर याला 'रिकार्डोचा दोष' म्हणतो. पुण्याच्या आकारणीइतकं ठळक उदाहरण त्याचं क्वचितच सापडेल.

पण मला शुंपीटरच्याही एका गोष्टीवर शंका आहे. अवजार खरंच दृष्टीपासून सुटं करता येतं का? खंडाच्या सिद्धांतात 'सगळ्यात हलकी जमीन खंड देत नाही' हे गृहीत धरलेलं असतं. ते कुठल्या समाजात खरं असतं? जिथे मालक नसलेली किंवा मालकाला फुकट पडून राहिलेली जमीन असते आणि तिच्यावर जायची मुभा असते तिथे. म्हणजे अवजाराच्या पोटातच एक विशिष्ट समाज बसलेला आहे. अवजार उचललं की तो समाजही सोबत येतो, न सांगता.

पाटी_पेन्सिल

एक भाबडा प्रश्न. मिल म्हणतो जमीन सरकारची. पण मग मिरासदार कोण होते?

काळी_माती

प्रश्न अजिबात भाबडा नाही, वर्मावरच बोट आहे. कंपनीचा दख्खनमधला आयुक्त एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाबद्दल १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात स्पष्ट म्हटलं आहे की रयतेतला मोठा भाग स्वतःच्या जमिनीचा मालक आहे, सरकारला ठरलेला सारा देऊन. मिरास वंशपरंपरेने चालायची आणि विकताही यायची. उपऱ्यांची, म्हणजे मिरास नसलेल्या कुळांची, गोष्ट वेगळी. ते कौलावर, म्हणजे करारावर कसायचे.

आता अर्थशास्त्राच्या भाषेत बघा. जमिनीचा हक्क विकला जातो आणि त्याला किंमत येते, याचा अर्थ सारा देऊनही त्या जमिनीत काही उरत होतं आणि ते मिरासदाराकडे राहत होतं. सगळा खंड सरकारचा असता तर मिरास विकत घ्यायला कोण आलं असतं? म्हणजे 'हिंदुस्थानात जमीनदार फक्त सरकार' हे विधान लंडनमध्ये लिहिलं जात होतं तेव्हा त्याला खोटं ठरवणारी खरेदीखतं गावोगावी होती. सिद्धांताच्या विरोधातला पुरावा कंपनीच्याच दप्तरात होता, स्वतःच्याच अधिकाऱ्याने लिहिलेला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हे.

अनुक्रमणिका

आणि त्याच वेळी हे ओळखणारा एक अर्थशास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये होता, त्याचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. रिचर्ड जोन्स.

१८३१ साली त्याचं संपत्तीच्या वाटपावरचं पुस्तक आलं, पहिला भाग फक्त खंडावर. प्रिंगलची आकारणी लागू होत होती तेच वर्ष म्हणा ना. जोन्स म्हणतो, रिकार्डो ज्याला खंड म्हणतो तो जगाच्या एका लहानशा कोपऱ्यात आढळतो, जिथे भांडवलदार शेतकरी आहे तिथे. बाकी पृथ्वीवर शेतकरी जमिनीला चिकटलेला असतो, कारण दुसरीकडे पोट भरायची सोयच नसते. तो मग प्रकार पाडतो: पूर्व युरोपातला वेठीच्या श्रमाच्या रूपात दिला जाणारा खंड, फ्रान्स-इटलीतली निमवाट्याची शेती, आयर्लंडमधला झोपडीवाल्या कुळांचा रोख खंड, आणि आशियातला 'रयत खंड', जो राजसत्तेला जातो. 'रयत' हा शब्दच तो वापरतो. या शेवटच्या प्रकारात खंड किती हे जमिनीच्या प्रतींमधल्या फरकाने ठरत नाही, सत्ता किती ओरबाडू शकते यावर ठरतं.

पुढची गोष्ट अशी की १८३४ च्या अखेरीस माल्थस वारला आणि हेलिबरीत त्याच्या जागी नेमला गेला तो हाच जोन्स. ज्या वर्गात प्रिंगल घडला त्याच वर्गात नंतरच्या पोरांना जोन्स शिकवत होता, आणि आधी डोळे उघडून जग बघा, मग नियम मांडा, असं सांगत होता. कार्ल मार्क्सने पुढे अतिरिक्त मूल्याच्या सिद्धांतांवरील आपल्या टिपणांत जोन्सला मानाची जागा दिली. पण पाठ्यपुस्तकात रिकार्डोला प्रकरण मिळालं आणि जोन्सला तळटीपही मिळाली नाही. का? कारण जोन्सने अवजार दिलं नाही. त्याने प्रकार दिले, वर्णनं दिली. ती उचलून दुसऱ्या गणितात बसवता येत नाहीत. शुंपीटरच्या कसोटीने तो मागे पडणारच. मला ही कसोटीच तपासायला हवी असं वाटतं.

बांधावरून

अनुक्रमणिका, जोन्सबद्दल स्वतंत्र धागा काढाच. कृपया.

त्रिज्या

जोन्स मोलाचा आहे, वाद नाही. पण अवजाराची ताकदही बघा. रिकार्डोच्या त्याच तुकड्यावर १८७९ मध्ये हेन्री जॉर्जने जमिनीच्या एकमेव कराची चळवळ उभी केली. १८९० च्या दशकात विकस्टीड आणि क्लार्क या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की जमिनीसाठी केलेला सीमांत हिशेब (शेवटच्या वाढीव नगाने किती भर पडते याचा) श्रमाला आणि भांडवलालाही लावता येतो, आणि वाटपाचा आजचा सिद्धांत तिथून आला. जोन्सच्या वर्णनातून हे निघालं नसतं.

आणि एक मुद्दा रिकार्डोच्या बाजूने नोंदवायलाच हवा. १८१४ मध्ये त्याने ग्लॉस्टरशायरमध्ये गॅटकोम पार्क ही मोठी इस्टेट विकत घेतली होती. म्हणजे १८१५ मध्ये जमीनदारांविरुद्ध लिहिताना तो स्वतः जमीनदार होता. माल्थसने यावर १८२० मध्ये लिहिलं आहे की रिकार्डो खंड घेतो आणि खंडाचं महत्त्व कमी लेखतो, मी कधी खंड घेतला नाही आणि माझ्यावर मात्र ते वाढवून सांगितल्याचा आरोप होईल. स्वतःच्या हिताविरुद्ध जाणारा निष्कर्ष निघाला तरी तो लपवायचा नाही, हा प्रामाणिकपणा विश्लेषणाच्या शिस्तीतूनच येतो. रिकार्डोने दख्खनच्या रयतेवर सारा बसवा असं कुठे म्हटलं? मिलने म्हटलं.

सातबारा

मिलने म्हटलं, पण रिकार्डोचं नाव आणि तर्क पुढे करून. म्हणूनच तर विचारांच्या इतिहासात मिलसारख्या मधल्या माणसांना जागा हवी.

उत्तररात्र

रानड्यांशिवाय ही चर्चा अपुरी राहील. १८९२ साली पुण्यात डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. त्यांचा रोख नेमका इथे होता. इंग्रजी अर्थशास्त्राची गृहीतकं त्यांनी एकेक करून मांडली. माणूस केवळ स्वहित बघतो, श्रम आणि भांडवल मोकळेपणे फिरतात, स्पर्धा सर्वत्र असते, करार दोन समान माणसांत होतात. आणि म्हणाले की ही गृहीतकं इथे लागू नाहीत, तिकडेही पुरती लागू नाहीत. त्यांनी जर्मन ऐतिहासिक संप्रदायाचा आधार घेतला, फ्रीडरिख लिस्टचा घेतला.

खंडाबद्दल त्यांचं म्हणणं काळी_माती यांच्या धाग्याशी थेट जुळतं. खंड किमतीत शिरत नाही हा रिकार्डोचा नियम, पण जिथे सगळ्याच कसलेल्या जमिनीला सरकार नावाच्या एकमेव जमीनदाराला सारा द्यावा लागतो तिथे तो नियम लागूच होत नाही. बिनखंडाची जमीन शिल्लकच नाही, मग फरक मोजायचा कुठपासून? माझ्या वरच्या शंकेचं उत्तर रानड्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय.

आणि त्याच्या दशकभर आधी जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हेच खालून पाहिलेलं आहे: दर तीस वर्षांच्या पैमाशीत (मोजणीत) पट्टी वाढतेच, आणि मधला सरकारी अंमलदार त्यात हात धुऊन घेतो. रानडे गृहीतकांपासून निघतात, जोतीराव शेतकऱ्याच्या घरापासून. मला दोघांनाही अर्थशास्त्रीय विचारांच्या इतिहासातच ठेवायचं आहे, 'समाजसुधारक' या वेगळ्या कप्प्यात नाही.

पाटी_पेन्सिल

मग विंगेटने वेगळं काय केलं? त्याच्याकडे कुठला सिद्धांत होता?

सातबारा

हे मी सांगतो, माझ्या रोजच्या कामातलं आहे.

विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी निव्वळ उत्पन्न काढायचा नाद सोडला. मातीचा रंग आणि खोली बघायची, दोष असतील तर प्रत उतरवायची, आणि नऊ प्रती करून त्यांचं एकमेकींशी प्रमाण आण्यांत लावायचं, सोळा आण्यांपासून खाली. म्हणजे शेताशेतातला तुलनात्मक फरक मातीवरून. एकूण बोजा किती टाकायचा हे मात्र मातीवरून काढायचंच नाही. मागच्या वर्षांत त्या तालुक्यात प्रत्यक्ष वसूल किती झाला, लागवड कधी वाढली, कधी घटली, पाऊसमान काय, बाजार किती लांब, हे बघून तालुक्याचा दर ठरवायचा. तो दर ३० वर्षं बदलायचा नाही. १८३६ मध्ये इंदापुरात हे लागू झालं आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात त्याचे नियम बांधले गेले. सर्व्हे नंबर, प्रतबंदी, आकार हे सगळं त्या घडीतून आलेलं आहे. सातबाऱ्यावर आकाराचा रकाना आजही आहे.

सिद्धांत म्हणाल तर गंमत अशी की रिकार्डो यातून पूर्ण गेलेला नाही. प्रतींमधला फरक तर शुद्ध रिकार्डो आहे. गेली ती वजाबाकी. जे डोळ्यांना दिसतं तेवढं सिद्धांताने ठरवलं, जे दिसत नाही ते वसुलीच्या इतिहासावर सोडलं. त्रिज्यांच्या अवजाराला आणि अनुक्रमणिकांच्या जोन्सला मला इथे एकाच बांधावर उभं राहिलेलं दिसतं.

काळी_माती

सातबारा, फार सुंदर मांडलंत. यात एकच पुढचा धागा जोडतो, कारण त्यातही खंडच आहे.

विंगेटने दर मुद्दाम उतरवले. हेतू असा की सारा देऊनही रयतेकडे काही उरावं, जमिनीला विक्रीमूल्य यावं आणि माणसाने तिच्यात पैसा घालावा. लागवड भराभर वाढली, हेतू सफल झाला. पण जमिनीला किंमत आली तशी ती तारणही झाली. सावकाराच्या लेखी आधी पीक हे तारण होतं, आता जमीन झाली, आणि दिवाणी कोर्ट त्याच्या मदतीला आलं. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले तेव्हा कर्जं सैल मिळाली. भाव पडले तेव्हा कर्जं उरली. इंदापूरची ३० वर्षांची मुदत संपून साठीच्या दशकातच फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या आणि रोखे जळाले.

म्हणजे प्रिंगलच्या वेळी खंड सरकारने आधीच उचलला. विंगेटच्या वेळी तो रयतेच्या पदरात सोडला, आणि व्याजाच्या रूपाने तो सावकाराकडे गेला. रिकार्डोच्या मांडणीत जमीनदार, भांडवलदार आणि मजूर हे तीन वर्ग आहेत. कर्ज देऊन खंड खाणारा चौथा माणूस तिथे नाहीच. सुप्यापासून सुरू झालेल्या या दख्खनच्या दंगलींची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाच्या अहवालात तो पानोपानी आहे. त्या अहवालाला अर्थशास्त्राचा ग्रंथ म्हणून वाचायला हवं असं मला मनापासून वाटतं. अनुक्रमणिका, जोन्सवरच्या धाग्यात 'रयत खंडा'बरोबर कर्जाबद्दल तो काय म्हणतो तेही घ्याल का?

अनुक्रमणिका

घेते. आयर्लंडच्या कुळांबद्दल लिहिताना तो थकबाकीचा विषय काढतो, तिथूनच सुरुवात करता येईल.